उजेडाची ओल

माझ्या भाचीच्या खोलीत छताला चांदण्या चिकटवलेल्या आहेत. दिवा मालवला की त्या हिरवट उजळतात. दुकानात 'रेडियमच्या चांदण्या' म्हणून मागायच्या, पण त्यांत रेडियम नावालाही नसतं. चांगल्या प्रतीच्या चांदण्यांत स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असतं आणि त्यात युरोपियम व डिस्प्रोशियमचा किंचित अंश मिसळलेला असतो. परवा तिथे मुक्कामाला होतो, झोप येईना, म्हणून बराच वेळ छताकडे पाहत पडलो. सगळ्या चांदण्या एकाच पाकिटातल्या, पण सारख्या विझत नव्हत्या. दिव्याजवळच्या उशिरापर्यंत तेवत राहिल्या. कपाटाच्या सावलीतली एक सगळ्यांच्या आधी दिसेनाशी झाली. संध्याकाळभरात आपल्यावर किती उजेड पडला याचा हिशेब प्रत्येकीनं अंगात जपून ठेवला होता आणि अंधारात ती तो थोडा थोडा फेडत होती.

पदार्थ उजेड लक्षात ठेवतो आणि मग सावकाश विसरतो. या साध्या गोष्टीच्या मागे आज जगभरच्या कितीतरी प्रयोगशाळा लागल्या आहेत. मेंदूच्या धर्तीवर संगणक बांधायचा, तर मेंदूतल्या दोन पेशींमधला सांधा, म्हणजे सिनॅप्स, कशाचा घडवायचा? या प्रश्नाचं एक उत्तर त्या चांदण्यांच्या कुळातलं आहे. ते समजून घेताना मला सगळ्यांत जास्त भावली ती एक गोष्ट: ज्या गुणावर हे सगळं उभं आहे, तो गेली दीडशे वर्षं इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या लेखी खोट होता.

आधी सिनॅप्सकडे बघू. चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. संदेश जिथे एकीकडून दुसरीकडे जातो तिथे जेमतेम २० नॅनोमीटरची फट असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. या सांध्याला सिनॅप्स हे नाव चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९७ साली दिलं. मेंदूत अशा चेतापेशी किती, हे बराच काळ अंदाजानंच सांगितलं जाई. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल यांच्या गटानं मेंदूच्या ऊतींचा एकजीव रस करून त्यातली पेशीकेंद्रकं मोजली आणि २००९ साली आकडा दिला: सुमारे ८६ अब्ज. सिनॅप्स त्याच्या हजार पटींहून अधिक. आणि हा सगळा पसारा चालतो साधारण २० वॉटवर, म्हणजे घरातल्या एका एलईडी ट्यूबलाइटइतक्या विजेत.

सिनॅप्स म्हणजे नुसती तार नव्हे. त्यातून किती वाहील ते त्यातून पूर्वी काय वाहिलं यावर ठरतं. एकामागोमाग दोन संदेश आले तर दुसऱ्याचा परिणाम पहिल्याहून मोठा होतो, कारण पहिल्या वेळी पेशीच्या टोकात शिरलेलं कॅल्शियम अजून पुरतं बाहेर गेलेलं नसतं. संदेशांचा भडिमार झाला तर हा बदल तासन्तास टिकतो. ऑस्लोमध्ये टिमोथी ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी सशांच्या मेंदूत हे मोजलं आणि १९७३ साली प्रसिद्ध केलं. काही नोंदींत तो परिणाम दहा तासांपर्यंत टिकला होता. आपण पाढे घोकतो तेव्हा असंच काहीतरी घडत असतं. स्मरण आणि काम एकाच जागी, एकाच सांध्यात राहतात.

आपल्या संगणकात नेमकं हेच नाही. १९४५ साली जॉन फॉन नॉयमन यांनी एका अहवालात जी रचना मांडली, तिच्यात आकडेमोड करणारा भाग वेगळा आणि साठवणीचा भाग वेगळा. कचेरीत टेबल पहिल्या मजल्यावर आणि दफ्तरखाना तळघरात असावा तसं. प्रत्येक बेरजेसाठी शिपायानं जिना उतरायचा, फाइल आणायची, काम झालं की परत ठेवायची. चिप जितकी वेगवान, तितका हा जिना जास्त खटकतो. बाहेरच्या मेमरीतून एक आकडा आणायला लागणारी ऊर्जा तो आकडा दुसऱ्यात मिळवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या हजारो पट भरते. शेकडो कोटी आकड्यांवर चालणाऱ्या आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची वीज मोठ्या प्रमाणात या जिन्यावरच खर्च होते.

चित्र ओळखायचं असेल तर जिन्याला आणखी एक मजला चढतो. कॅमेऱ्याचा सेन्सर उजेड टिपतो, त्याचे आकडे करतो, ते मेमरीत जातात, तिथून प्रोसेसरकडे. भिंत पांढरीच आहे आणि गेल्या सेकंदातही पांढरीच होती, हेसुद्धा तो दर फ्रेमला नव्यानं कळवत राहतो. आपला डोळा असं करत नाही. दृष्टिपटलावर उजेड टिपणाऱ्या पेशी १२ कोटींच्या वर आहेत, पण मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत तंतू असतात फक्त १० ते १२ लाख. कडा कुठे आहेत, काय हललं, कुठे उजेड एकदम वाढला, हे निवडण्याचं बरंच काम डोळ्याच्या आतच उरकतं. तांदूळ सुपात पाखडूनच चुलीकडे जातात.

हे सिलिकॉनमध्ये करून पाहिलं ते कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये मिशा माहोवाल्ड आणि त्यांचे गुरू कार्व्हर मीड यांनी. १९९१ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्या सिलिकॉनच्या दृष्टिपटलावर लेख आला. त्या चिपनं पाहिलेलं मांजर आजही या विषयावरच्या व्याख्यानांत दाखवतात. पण त्या दृष्टिपटलाला आठवण नव्हती. प्रत्येक ठिपक्यामागे कितीतरी ट्रान्झिस्टर जोडून डोळ्याची नक्कल केलेली होती. पदार्थानं स्वतःच पाहावं आणि स्वतःच लक्षात ठेवावं, ही कल्पना अजून पुढे होती.

तिचं मूळ मात्र फार मागे आहे, समुद्राखालच्या तारेत.

१८७०च्या सुमारास आयर्लंडच्या व्हॅलेन्शिया बेटावर अटलांटिकपार जाणारी तारेची केबल येऊन मिळत असे. केबल समुद्रात सोडताना तिची सतत चाचणी घ्यावी लागे आणि त्यासाठी फार मोठा, स्थिर विद्युतरोध हवा असे. विलोबी स्मिथ यांनी त्यासाठी सेलेनियमच्या बारीक कांड्या निवडल्या. कांड्यांनी दगा दिला. कधी रोध जास्त, कधी कमी, मोजणी जुळेचना. त्यांचे सहायक जोसेफ मे यांनी शोध घेतला आणि गुन्हेगार सापडला तो उजेड. कांड्या सरकत्या झाकणाच्या पेटीत ठेवल्या आणि झाकण लावलं की रोध स्थिर राही. झाकण सरकवलं की त्या क्षणी विद्युतवहन उजेडाच्या जोरानुसार १५ ते १०० टक्क्यांनी वाढे. फेब्रुवारी १८७३मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं. काही पदार्थांत उजेड पडला की वीज जास्त वाहते, ही प्रकाशसंवाहकता जगाला कळली ती अशी, एका बिघाडाच्या तपासातून.

सेलेनियमचा दुसरा अवगुण पुढच्या पिढ्यांना भोवला. उजेड काढून घेतला तरी त्याचं वहन लगेच पूर्वपदावर येत नसे, ते मागे रेंगाळे. दूरवर चित्रं पाठवण्याची स्वप्नं पाहणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांना या सुस्तपणानं फार छळलं, कारण एका ठिपक्याचा ठसा पुसायच्या आत पुढचा ठिपका येऊन ठेपलेला असे. या रेंगाळण्याला आज चिवट प्रकाशसंवाहकता म्हणता येईल. हिला घालवायचं कसं, यावर विसाव्या शतकात भरपूर डोकेफोड झाली.

अलीकडचं उदाहरण आपल्या घरातलं आहे. जपानमध्ये हिदेओ होसोनो यांच्या गटानं २००४ साली इंडियम, गॅलियम आणि झिंक यांच्या मिश्र ऑक्साइडचा पारदर्शक ट्रान्झिस्टर बनवला, तोही वाकणाऱ्या प्लास्टिकवर. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'इग्झो' म्हणतात आणि आज अनेक टॅबलेट आणि टीव्हींच्या पडद्यामागे तोच असतो. हा काचेसारखा अस्ताव्यस्त पदार्थ आहे. अणूंची शिस्तबद्ध रांग त्यात नसते. शिवाय जागोजागी ऑक्सिजनचा एखादा अणू असायला हवा तिथे नसतो. ती रिकामी जागा दोन इलेक्ट्रॉन धरून बसलेली असते. निळा किंवा जांभळा उजेड पडला की ती दोन्ही इलेक्ट्रॉन सोडून देते. ते मोकळे फिरतात, प्रवाह वाढतो. इथवर सेलेनियमसारखंच. पण इलेक्ट्रॉन गेल्यावर त्या रिकाम्या जागेभोवतीचे धातूचे अणू थोडे मागे सरतात, आणि मग परत यायचं तर इलेक्ट्रॉनला एक चढ चढावा लागतो. खोलीच्या उष्णतेत एखादाच इलेक्ट्रॉन अधूनमधून तो चढ पार करतो. म्हणून उजेड गेल्यावरही प्रवाह तासन्तास चालू राहतो.

पडदे आणि सेन्सर बनवणाऱ्यांना हे कसं चालणार? २०१२ साली सॅमसंग आणि केंब्रिजच्या संशोधकांनी 'नेचर मटेरियल्स'मध्ये तोडगा छापला: ट्रान्झिस्टरच्या गेटवर फक्त १० नॅनोसेकंदांचा विजेचा ठोका द्यायचा. त्यानं इलेक्ट्रॉन एका जागी गोळा होतात आणि पटकन त्या रिकाम्या जागांत परत जाऊन बसतात. खोट गेली. पाचच वर्षांनी, २०१७मध्ये, सोलच्या चुंग-आंग विद्यापीठातल्या गटानं त्याच जातीच्या ऑक्साइडांचं हेच रेंगाळणं मुद्दाम राखलं आणि त्याला सिनॅप्स म्हणून उभं केलं. पदार्थ तोच होता. प्रश्न वेगळा विचारला गेला.

हे मला सह्याद्रीतल्या ओढ्यावरून नीट कळतं. मृगाची पहिली सर येते तेव्हा तापलेली माती सगळं पाणी पिऊन टाकते, ओढा जेमतेम ओला होतो. लगोलग दुसरी सर आली की थोडं पाणी वाहायला लागतं. आषाढात झडीवर झडी लागली की जमिनीला उपळ फुटतात, आणि मग तेवढीच सर आली तरी ओढा दुथडी भरतो. पाऊस थांबल्यावरही तो दिवसेंदिवस वाहत राहतो. आता सरीच्या जागी उजेडाचा ठोका आणि ओढ्याच्या जागी विद्युतप्रवाह ठेवा. दोन ठोके जवळजवळ दिले तर दुसऱ्याला प्रवाहाची उडी मोठी. लांबलांब दिले तर मधल्या वेळात ओल सुकते, दोन्ही उड्या सारख्या. ठोके थोडे असतील तर आठवण सेकंदात विरते. पुष्कळ असतील तर ती तासांवर जाते. एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःच निरर्थक शब्द पाठ करून विस्मरणाचा जो वक्र काढला, त्याच घाटाचा वक्र या उपकरणाच्या प्रवाहातही दिसतो: आधी झपाट्यानं घसरण, मग लांबलेली शेपटी. उपमा एका ठिकाणी मात्र लंगडते. मातीत पाणी साठतं. इग्झोमध्ये साठतात त्या इलेक्ट्रॉनना पारख्या झालेल्या जागा. ओल इथे उणेपणाची आहे.

मग यात नॅनोपदार्थांचं काय काम, असं कुणी विचारील. उजेडाची आठवण तर सेलेनियमच्या कांडीलाही होती.

काम आहे ते मोजकेपणाचं. जाड पदार्थात सापळे, म्हणजे इलेक्ट्रॉन अडकवून ठेवणाऱ्या जागा, कुठेही, कसेही विखुरलेले असतात आणि त्यांच्यावर हुकमत चालत नाही. पदार्थ काही अणूंच्या जाडीवर आणला की त्याचा जवळजवळ प्रत्येक अणू पृष्ठभागावर येतो. सापळे कुठे ठेवायचे, किती खोल ठेवायचे, हे ठरवता येतं. मॉलिब्डेनम डायसल्फाइड घ्या. गॅरेजमध्ये गाडीच्या सांध्यांना लावतात त्या काळ्या मॉली ग्रीसमध्ये तेच असतं. त्याचे थर पत्त्यांसारखे एकमेकांवरून घसरतात, म्हणून ते वंगण. त्यातला एकच पत्ता सोडवला तर त्याची जाडी भरते सुमारे ०.६५ नॅनोमीटर, आणि त्याचा स्वभावच पालटतो: ढिगात उजेडाशी नीट व्यवहार न करणारा पदार्थ एका थरात उजेड झकास शोषतो आणि परत फेकतोही. २०१०मध्ये हे दिसलं आणि तेव्हापासून प्रकाश-सिनॅप्सवाल्यांच्या टेबलावर तो कायम आहे. सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या दे-ह्योंग किम यांच्या गटानं २०२०मध्ये त्याला एका सेंद्रिय थराची जोड देऊन डोळ्याच्या पडद्यासारखा वक्र सेन्सर केला. वक्र असल्यामुळे त्याला एकच साधं भिंग पुरतं.

दुसरं नाव क्वांटम डॉट. दोन-पाच नॅनोमीटरचा अर्धवाहकाचा कण. एकच पदार्थ, पण कण लहान केला तर तो निळ्याकडे झुकतो, मोठा केला तर तांबड्याकडे, कारण एवढ्या अडचणीच्या जागेत इलेक्ट्रॉनला कोणत्या ऊर्जा परवडतात ते कणाच्या मापावर ठरतं. अलेक्सेई एकिमोव्ह, लुईस ब्रुस आणि मुंगी बावेंडी यांना यासाठी २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सिनॅप्सच्या कामाला यातून रंगाची निवड मिळते: कोणत्या रंगाची आठवण ठेवायची ते कणाच्या मापानं ठरवा.

मला आवडलेला संसार मात्र जोडीचा आहे. ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पत्रा, वीज उत्तम वाहतो, पण उजेड पडला तर त्यातला फक्त २.३ टक्के शोषतो. पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकांच्या जातीचे क्वांटम डॉट उजेड आधाशासारखे पितात, पण वीज वाहण्यात कमी पडतात. फ्लोरिडातल्या सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात जयन थॉमस यांच्या गटानं हे डॉट ग्राफीनवर नुसते पसरले नाहीत. ते थेट त्या पत्र्यातूनच वाढवले. त्यांचं काम २०२०मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये आलं. उजेड डॉटमध्ये शोषला जातो तेव्हा ऋण आणि धन अशी भारांची जोडी तयार होते. त्यातला एक भार ग्राफीनमध्ये उतरतो आणि पळू लागतो, जोडीदार डॉटमध्ये अडकून राहतो. अडकलेला भार खालच्या ग्राफीनवर दाब ठेवून राहतो, आणि तो तिथे आहे तोवर ग्राफीनमधला प्रवाह बदललेला राहतो. पाहणारा एक, वाहणारा दुसरा, आणि आठवण त्या दोघांच्या ताटातुटीत.

आता विसरण्याकडे. शिकणाऱ्या जाळ्यात सांधा घट्ट करता आला पाहिजे आणि सैलही. वीज दोन दिशांनी देता येते, अधिक आणि उणे. उजेडाला उणे बाजू नसते. पडला की तो भरच घालतो. म्हणून बहुतेक उपकरणांत उजेडानं लिहायचं आणि विजेनं पुसायचं अशी वाटणी असते. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात यांग चाय यांच्या गटानं २०१९मध्ये केलेलं उपकरण असंच आहे: मॉलिब्डेनम ऑक्साइडच्या थरावर अतिनील किरण पडले की त्याचा रोध उतरतो आणि उतरलेलाच राहतो, विजेचा उलट ठोका दिला की पूर्ववत. अशा ६४ उपकरणांचा, आठ बाय आठ, त्यांनी चौकोन मांडला. पाखडण्याचं काम इथे प्रत्यक्ष पाहायला मिळतं. अक्षराचा ठळक भाग ज्या ठिपक्यांवर पडतो त्यांच्यात खोल ठसा राहतो. आजूबाजूच्या फिकट, अवांतर ठिपक्यांचा ठसा लवकर विरतो. थोड्या वेळानं वाचलं तर अक्षर मूळ चित्राहून स्वच्छ दिसतं. विसरल्यामुळेच ते स्वच्छ झालेलं असतं.

त्याच वर्षी मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठात उजेडानंच पुसण्याचीही वाट दाखवली गेली. काळ्या फॉस्फरसचे पातळ थर हवेत खराब होतात, त्यांच्यावर ऑक्साइड चढतं. तो पदार्थ हाताळणाऱ्यांची ही जुनी तक्रार. सुमीत वालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच ऑक्सिडीकरणातून आलेले दोष वापरले. एका तरंगलांबीचा अतिनील प्रकाश पडला की प्रवाह वाढतो, दुसऱ्या तरंगलांबीचा पडला की घटतो. सांधा घट्ट करायला एक रंग, सैल करायला दुसरा. पुन्हा एकदा, ज्याला गंज म्हणून नाकारायचं तेच कामाला आलं.

विएन्नाच्या तंत्रविद्यापीठातलं थॉमस म्युलर यांच्या गटाचं काम थोडं वेगळं, पण या ओळीतच बसणारं. २०२०मध्ये 'नेचर'मध्ये ते आलं. टंगस्टन डायसेलेनाइडच्या पातळ पापुद्र्यावर त्यांनी २७ प्रकाशग्राही उपकरणं मांडली: नऊ ठिपके, प्रत्येकात तीन. प्रत्येकानं उजेडाला किती दाद द्यायची, ते वीज देऊन ठरवलं होतं. त्यांचे प्रवाह एकत्र केले की गुणाकार आणि बेरीज आपोआप होते, कारण प्रवाह तारेत एकत्र येणं हीच बेरीज. समोर अक्षर दाखवलं की सेन्सरमधून चित्र बाहेर येतच नाही, थेट उत्तर येतं: हे 'एन', हे 'व्ही', हे 'झेड'. वेळ सुमारे ५० नॅनोसेकंद. इथे आठवण उजेडाची नाही, विजेनं आधीच बसवलेली आहे, म्हणून याला प्रकाश-सिनॅप्स म्हणावं का यावर वाद घालता येईल. तरी जिना असा मुळापासून काढून टाकलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

वीज पूर्णच वगळून नुसत्या उजेडावर चालणाऱ्या चिपही आहेत. पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कमध्ये असतो त्या कुळातला जर्मेनियम-अँटिमनी-टेल्युरियमचा पदार्थ प्रकाशाच्या नळीवर बसवून जर्मनीतल्या म्युन्स्टर आणि इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड व एक्सेटर इथल्या संशोधकांनी २०१९मध्ये ४ चेतापेशी आणि ६० सिनॅप्सचं जाळं चालवून दाखवलं.

चार पेशी. मेंदूत ८६ अब्ज. या अंतराबद्दल या क्षेत्रातल्या लेखांत जितकं स्पष्ट लिहायला हवं तितकं लिहिलं जात नाही, असं माझं मत आहे. पुष्कळ शोधनिबंधांत प्रत्यक्ष घडवलेलं आणि मोजलेलं उपकरण एकच असतं, किंवा मूठभर. त्याच्या मोजणीवरून सूत्र बसवतात, आणि पुढचं जाळं संगणकावर कल्पून त्याला हस्तलिखित आकडे ओळखायला लावतात: २८ बाय २८, म्हणजे ७८४ ठिपक्यांची ती प्रसिद्ध चित्रं. त्यावर नव्वद टक्क्यांच्या वर यश आलं की मथळा तयार. पण संगणकातली सगळी उपकरणं एकमेकांसारखी असतात, टेबलावरची नसतात. एकात सापळे थोडे जास्त, दुसऱ्यात कमी. एकाची आठवण मिनिटभर, शेजाऱ्याची पाच मिनिटं. ऊर्जेचा हिशेबही नीट वाचावा लागतो. उपकरणातून गेलेल्या विजेचा आकडा अभिमानानं दिलेला असतो, पण ज्या दिव्यानं उजेड पाडला त्याचा खर्च अनेकदा त्यात धरलेला नसतो.

आणखी एक अडचण निसर्गनियमाचीच आहे. दिसणाऱ्या उजेडाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. साध्या भिंगानं तो तिच्या साधारण निम्म्याहून बारीक ठिपक्यावर एकवटता येत नाही. उपकरण २० नॅनोमीटरचं केलं तरी उजेडाचा ठिपका त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांवरही पडणारच. मेंदूइतकी दाटी उजेडानं साधणं म्हणूनच कठीण. डोळ्याच्या जागी मात्र ही अडचण उरत नाही, कारण कॅमेऱ्याचे ठिपके तसेही बहुधा तरंगलांबीहून मोठे असतात. माझ्या समजुतीप्रमाणे या पदार्थांचं खरं घर तिथेच आहे: ड्रोनच्या, रोबोच्या, यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्याच्या डोळ्यात. मेंदूची जागा घेण्याची भाषा त्यांना उगाच जड जाते. पेरोव्स्काइटचा प्रश्न शिल्लक राहतोच. ते दमट हवेत टिकत नाहीत आणि त्यातल्या उत्तम जातींत शिसं असतं.

आपल्याकडेही हे काम चालतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तुकाराम डोंगळे यांचा गट मेमरिस्टरवर, म्हणजे विजेची आठवण ठेवणाऱ्या रोधांवर, बरीच वर्षं काम करतो आहे. सिनॅप्सची नक्कल करणाऱ्या पातळ ऑक्साइड थरांचा अभ्यास तिथे होतो. मुंबईच्या आयआयटीत मेंदूच्या धर्तीवरच्या चिपांवर काम झालं आहे. या विषयाची एक बाजू अशी की सुरुवात करायला अब्जावधींचा कारखाना लागत नाही. द्रावणातून थर चढवता येतात, भट्टी आणि मोजणीची यंत्रं पुरतात. सबुरी मात्र लागते.

ती कशाला लागते, ते मोजणीच्या टेबलापाशी कळतं. नखाएवढ्या काचेवर चढवलेला थर काळ्या पेटीत ठेवतात. सोन्याच्या दोन बारीक पट्ट्यांवर सुईसारखी टोकं टेकवतात, झाकण लावतात आणि अंधारात प्रवाह स्थिर होईपर्यंत थांबतात. मग आतला निळा एलईडी अर्धा सेकंद लागतो. पडद्यावरची रेघ उडी मारते, खाली येते, पण मूळ जागेच्या थोडी वरच थांबते. दुसरा ठोका, आणखी थोडी वर. वीस ठोके झाले की पायऱ्या पायऱ्यांचा जिना दिसू लागतो. मग एलईडी बंद. आता नुसतं बघत बसायचं. रेघ आधी भरभर उतरते, मग तिचा पाय निघत नाही. ती तळाला टेकल्याशिवाय पुढची मोजणी करता येत नाही, नाहीतर मागच्या उजेडाची ओल नव्या आकड्यांत उतरते. झाकण फटभर जरी उघडलं तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून संध्याकाळी पेटीवर काळं कापड टाकून दार ओढून घ्यायचं, आणि सकाळी येऊन आधी पडद्यावरची रेघ कुठवर उतरली ते पाहायचं.